पोर हिच्याकडं ठेवून न्हायला जाशील काय?

माइक जरा खाली करा कोणीतरी. हां, एवढा पुरे.

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार करते. कॉलेजचे सर, बाई, ताईचे भाऊ, वहिनी, आमच्या सगळ्या आया, आणि जे पायऱ्या टाळून मागच्या दारानं चाकाच्या खुर्चीवरून आत आले, ते सगळे. मी सोनाली. सुर्ल्याची. माझा घरवाला खाणीवर ट्रक चालवतो. मी सातवीपर्यंत शिकले. माइक आज पहिल्यांदा धरला. बघा, कसा हलतोय! माइक नाय हलत, मीच हलते.

घरी सगळं पाठ केलं होतं. काल संध्याकाळी पेज ढवळता ढवळता पाठ केलं. ते डिचोलीच्या बसमध्येच सांडलं. आता आठवेल तसं बोलते. सांभाळून घ्या.

शैलाताई गेली. हे असं तोंडानं म्हणायला मला अजून जमत नाय. मागच्या आठवड्यात फोनवर हसत होती. ताप आलाय म्हणाली, गोळी घेतलीय म्हणाली. आणि आज तिच्या फोटोला हार! तो फोटो पण बघा कसला लावलाय. एवढी गंभीर ताई कोणी कधी बघितली होती काय? मी नाय बघितली.

पण बाबांनो, बायांनो, मी नुसती रडायला आलेली नाय. रडून झालं घरी. मला तुमाला एवढं सांगायचंय, एवढं सांगायचंय, की कुठून सुरू करू. आणि शेवटी एक विचारायचंय. ते विचारायला धीर लागतो. म्हणून आधी सांगते.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी. ताई कॉलेजात सोशल वर्क शिकवायची. तिच्याकडं शिकणाऱ्या मुली आमच्यासारख्यांच्या घरी येतात. म्हणजे ज्यांच्या घरात कोणी पडून आहे, कोणाला दिसत नाय, कोणाचं पोर माझ्या सोहमसारखं आहे. आठवड्यातून दोन दिवस येतात, वर्षभर येतात. मग त्यांची परीक्षा होते. माझा सोहम पाच वर्षांचा. मान सावरत नाय. बोलत नाय. पेज सुद्धा हनवटी धरून, चमच्या चमच्यानं द्यावी लागते. घास चुकला की श्वास अडकतो, ओठ निळे पडतात. एकदा झालंय तसं. तेव्हापासून मी जास्तच घाबरट. भांडी घासताना घाबरते, झोपेत घाबरते.

एक दिवस ताई आमच्या ओसरीवर येऊन बसली. मी चहा टाकला, पोदेर सकाळी पाव देऊन गेलेला त्यातला एक उंडो दिला. उंडो चहात बुडवत बुडवत म्हणते कशी,

"सोनाली, परीक्षेला तू ये."

मी म्हटलं, "मी कशाला? मी कुठं शिकते?"

"शिकायला नको. परीक्षा घ्यायला ये. मुली तुझ्या घरात येतात. तुझ्या घरात त्या कशा वागतात ते मला कॉलेजात बसून कसं कळणार? माझे मार्क मी देईन, दुसरे सर त्यांचे देतील, आणि थोडे मार्क तुमा आयांकडं."

मी हसलेच! घरवाला तिथंच चपला काढत होता. तो पण हसला. ताई गेल्यावर मला म्हणतो, "तुका सातवीत गणितात किती पडले होते गो? आणि तू कॉलेजच्या पोरांक मार्क देतलंस?"

मी म्हटलं, "पडले असतील किती पण. तुमी चला सोहमला धरा, मला पीठ मळायचंय."

आणि मी गेले! आमी सगळ्या गेलो. अहो, काय सांगू तो दिवस! मेजावर कापड, कापडावर पाण्याचे ग्लास, प्रत्येक ग्लासावर झाकणी. आणि मेजाच्या त्या बाजूला, सरांच्या रांगेत, आमच्या कदेली! आमच्या खुर्च्या! दवाखान्यात, सरकारी हापिसात, आमी नेहमी मेजाच्या अलीकडं. उभ्या. पोर कडेवर. आणि त्या दिवशी आमी पलीकडं बसलेल्या. हरमलची पार्वतीकाकी माझ्या बाजूला होती. ती बसली आहे बघा तिथं, हिरव्या साडीत. तिची मुलगी मोठी आहे, तिला दिसत नाय. काकी घरात टुरिस्टांना रूमी देते. ती माझ्या कानात म्हणते, "सोनाली, माका वाटता आमी लग्नाची वरमाय." मला हसू आवरेना.

मग परीक्षा सुरू झाली. मुली आत आल्या. सरांनी आमाला विचारलं, ही मुलगी तुमच्याकडं यायची, कशी वाटली?

मी म्हटलं, चांगली.

काकी म्हणाली, चांगली.

दुसरी आली. चांगली. तिसरी आली. खूप चांगली. सगळ्यांना पुरे मार्क! एका मुलीचं तर नाव पण मला धड आठवत नव्हतं, तिला पण पुरे मार्क!

बाहेर आलो तर ताई कमरेवर हात ठेवून उभी. "काय गो हे? परीक्षा घेतली की हळदीकुंकू केलं? सगळ्यांना सारखीच ओटी?"

 मग काकीच बोलली. "ताई, आमच्या घरात येवन पाणी पियाल्यात ती. पाणी पियाल्लेल्या माणसाक मागीर नाव ठेवचां? आमकां नाय जमणा तां."

खरं आहे ना? तुमीच सांगा. आमच्यात हे नायच. घरी आला, पाणी प्याला, तो आपला झाला. त्याच्याबद्दल चार लोकांत वाईट बोलायचं नाय. माझ्या आईनं हेच शिकवलं, काकीच्या आईनं पण. आमी सगळ्यांनी तेच केलं, आणि आमाला वाटलं किती छान केलं!

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बघा, या बायांना काय कळत नाय, यांना नको बोलवूया. ताई तसं म्हणाली नाय. तिनं आमाला हॉटेलात नेलं, पातळभाजी पाव दिला. स्वतः खाल्ला नाय. पाव हातात तसाच.  मग आपणच म्हणाली, "तुमचं चुकलं नाय. माझा प्रश्न चुकला."

पुढच्या वर्षी आमी पुन्हा मेजापलीकडं बसलो. आणि या वेळी सरांनी नाय विचारलं. ताईनं विचारलं. मुलगी कशी आहे, हे तिनं विचारलंच नाय! ती माझ्याकडं वळून म्हणाली,

"सोनाली, पोर हिच्याकडं ठेवून न्हायला जाशील काय?"

बस. एवढाच प्रश्न.

पहिल्यांदा आमी सगळ्या हसलो. सर पण हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. कारण बघा, आता नाव कोणाला ठेवायचंच नव्हतं. मुलीबद्दल बोलायचंच नव्हतं. माझ्या पोराबद्दल बोलायचं होतं. माझ्या न्हाण्याबद्दल बोलायचं होतं. आणि ते खोटं कसं बोलणार? सोहम माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याची मान आली. त्याचे ते निळे ओठ आले.

ताई, केवढा प्रश्न काढलास गो तू! एवढ्या मोठ्या पुस्तकांतून नाय, आमच्या न्हाणीतून काढलास!

त्या वर्षी माझ्याकडं जी मुलगी यायची, तिचं नाव मी घेत नाय. ती इथं आलेली आहे, आणि मी हे सांगणार म्हणून तिला विचारून आलेय. "सांगा वयनी, सगळां सांगा," म्हणाली. तर सांगते. ती मुलगी गोड होती. वेळेवर यायची. सुर्ल्याच्या रस्त्यावर ट्रकांची लाल धूळ, तिची ओढणी लाल होऊन जायची, पण तक्रार नाय. मला योजना समजावून सांगायची, कागद भरून द्यायची. सोहमसाठी चॉकलेट आणायची. आता सोहम चॉकलेट खाणार कसा, पण आणायची.

पण तिनं सोहमला एकदाही हात लावला नाय.

बॅग मांडीवर धरून बसायची. वर्षभर. मी त्याला तिच्या बाजूला ठेवलं की ती थोडी सरकायची.

ताईनं विचारलं. मी तोंड उघडलं.  समोर ती मुलगी. माझ्याकडं बघून हसत होती, कारण तिला वाटलं ही वयनी माझीच आहे. आणि मी म्हटलं, "नाय. नाय जाणार."

 मग ताईनं विचारलं, का नाय? मी सांगितलं. तिनं कधी त्याला धरलं नाय, म्हणून. दुसरं काय नाय सांगितलं. तिच्या सगळ्या चांगल्या गोष्टी पण सांगितल्या.

तिला नापास नाय केलं, पण काम पुरं झालं नाय असं ठरलं. आणखी काही महिने घरी जायचं, मग पुन्हा परीक्षा. मी बसनं घरी आले आणि सगळं सांगितलं. घरवाला म्हणाला, "कोणाच्या पोरीचां नुस्कान केलंस तू? उद्या कोण दारात इलो तर मी काय सांगू?"

आणि आली! तीच आली दारात. दोन दिवसांनी. रडून रडून डोळे सुजलेले. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली,

"वयनी, तुमी मला दर वेळी चहा दिलात. आणि तिथं सगळ्यांसमोर असं बोललात?"

 ताई तिथं असती तर काहीतरी बोलली असती. मला नाय येत. माझ्या कडेवर सोहम होता. मी तो तिच्या हातात दिला. नुसता दिला. "धर," म्हटलं.

तिनं धरला. तिची बॅग खाली पडली. सोहमची मान मागं गेली, तर ती किंचाळली, "वयनी, पडतलो! माझ्या हातातून पडतलो! मला भीती वाटते!"

मी म्हटलं, "मला पण वाटते."

ती म्हणाली, "तुमाला पण?"

"रोज. त्याच्या जन्मापासून. आज सकाळी पण वाटली. हात असा मानेखाली घाल. तसा नाय, असा. हां."

आमी दोघी तिथं उंबऱ्यावरच बसलो. ती रडत होती, मी पण. मधे सोहम. आणि तो, लबाड, हसत होता! तिच्या ओढणीचा काठ तोंडात घेऊन चोखत होता.

मग ती आली परत. ठरल्याप्रमाणं. हनवटी कशी धरायची ते शिकली. चमचा किती भरायचा ते शिकली. एक दिवस घास अडकला. मी चुलीकडं होते. मी धावून येईपर्यंत तिनं त्याला पालथा घेतला होता, पाठ थोपटली होती, आणि घास बाहेर! तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात हलले नव्हते.

त्यानंतर मी काय केलं, सांगू? सर, हसू नका. मी न्हाणीत पाणी तापवलं. मोठं भांडं भरून तापवलं. सोहम तिच्या मांडीवर दिला आणि दार लावून घेतलं. आणि मी न्हाले! डोक्यावरून न्हाले. केस मोकळे करून, शिकेकाई लावून, सावकाश. पोर झाल्यापासून मी कधी अशी न्हाले नव्हते. दोन तांबे अंगावर ओतायचे आणि ओल्या अंगानं बाहेर धावायचं, हेच माझं न्हाणं. त्या दिवशी मी पाणी संपेपर्यंत बसले. बाहेरून आवाज येत होता, ती सोहमला कसलंतरी गाणं म्हणत होती. बेसूर! पण म्हणत होती.

दुसऱ्या परीक्षेला ताईनं विचारलं. मी म्हटलं, "जाऊन आले!" अख्खी खोली हसली. ताई एवढी हसली की चष्मा काढून डोळे पुसत बसली.

ती मुलगी आता कामाला लागली आहे. पेडण्याच्या बाजूला घरोघर जाते. आत्ता सोहम कोणाकडं आहे, विचारा. मागं बघा, खांबाजवळ. तिच्याकडंच आहे. म्हणून तर मला इथं दोन्ही हातांनी माइक धरता येतो!

तर हे ताईनं केलं. लोक म्हणतील, तिनं आमाला मान दिला. मान दिला, खरंच. पण मला वाटतं त्याहून मोठं केलं. पुढं जी जी मुलगी कोणाच्या तरी घरात जाईल, कोणा घाबरलेल्या आईसमोर बसेल, तिला आधीच कोणीतरी विचारलेलं असेल, तुझ्याकडं पोर ठेवायचं काय? मी त्या आईला ओळखत नाय. पण ती न्हाईल. सावकाश न्हाईल!

आता ते विचारायचं.



येत्या गुरुवारी परीक्षा आहे. परवा कॉलेजातून फोन आला. बोलणारी बाई फार चांगलं बोलली, मी वाईट म्हणत नाय. म्हणाली, "ताई गेल्या, तुमी सगळ्या दुःखात आहात, या वर्षी तुमी त्रास घेऊ नका. या वर्षी आमी आमचं उरकून घेतो. पुढचं पुढं बघू."

मी "बरं" म्हटलं. मला काय, कोणी मोठ्या माणसानं सांगितलं की तोंडातून "बरं"च येतं. फोन ठेवला. मग काकीला फोन केला. काकी काय म्हणाली सांगू? सांगू काय काकी? ती मान हलवतेय.

ती म्हणाली, "सोनाली, ह्या वर्सा नाय गेलव, तर फुडल्या वर्सा आमकां कोण वळखतलो? ताई असतानाच आमच्यो कदेली कोणाकोणाक दिसत नाय होत्यो. आणि आयक, आमच्या रूमीत दोन दिस रवान गेलेलो मनीस माका मोबाईलार तारे दिता. टॉवेल वलो होतो म्हणान एक तारो कमी करता! आणि माझ्या घरात वर्सभर येवन बसलेल्या पोरीबद्दल माका कोण इचारूचो नाय?"

मला घरवाला म्हणाला, जाऊ नको, मोठ्या लोकांत कशाला बोलतेस, उद्या सोहमला कॉलेजची मुलगीच पाठवली नाय तर? मला पण हीच भीती. खोटं नाय सांगत. पण तोच आज सकाळी ट्रकाची पाळी बदलून मला बसपर्यंत सोडून गेला. जाताना म्हणाला, "बोलतलंस तर धड बोल."

म्हणून सर, मी तुमाला विचारते. तुमी पहिल्या रांगेत आहात, म्हणून इथूनच विचारते. नंतर ऑफिसात विचारायला माझी हिंमत नाय होणार. इथं ही एवढी माणसं आहेत, ताईचा फोटो आहे, म्हणून आज आहे हिंमत.

आमी दुःखात आहोत, सर. खूप दुःखात आहोत. पण दुःखात आमी रोजच जेवण करतो. दुःखात आमी रोजच पोराला भरवतो. परीक्षेला बसायला आमाला दुःख आड येणार नाय. तो प्रश्न विचारायला ताई नाय. पण तो प्रश्न आमाला पाठ आहे. आमी एकमेकींना विचारू.

गुरुवारी आमी येऊ काय?

नाय सर, "नंतर बोलू" असं नको. नंतर म्हणजे मी घरी जाणार, आणि घरी गेले की पुन्हा "बरं" म्हणणार. मी मला ओळखते.

काय? काय म्हणालात? ऐकू नाय आलं. हा माइक न्या कोणीतरी त्यांच्याकडं. नको? बसूनच सांगता? थोडं मोठ्यानं…

या म्हणाले!

"या, आणि प्रश्न तुमीच विचारा," म्हणाले! ऐकलंत सगळ्यांनी? काकी, ऐकलंस? अगो, रडतेस काय? टाळ्या नको, टाळ्या नको, शोकसभा आहे! बरं, वाजवल्या तर वाजवल्या. ताईला चाललं असतं. सर, तुमचे उपकार… नाय, उपकार नको म्हणूया. ताई रागावली असती. सर, बरं केलंत.

आता मला संपवायचंय. दोन मिनिटं गप्प राहूया ताईसाठी. सगळे म्हणतात, उभे राहा. मी तसं सांगणार नाय. इथं कितीतरी जणांना उभं राहता येत नाय. म्हणून आज आपण सगळे बसूनच राहूया. सर, तुमी पण बसा. जे उभे आहेत त्यांनी खाली बसा, मागं चटई आहे. ज्या पोरांना गप्प राहता येत नाय, त्यांना गप्प करू नका. त्यांचा आवाज चालेल.

ताई, गुरुवारी आमी मेजाच्या पलीकडं असू. तुझी खुर्ची आमी रिकामी नाय ठेवणार. तिथं यंदा एक नवी आई बसणार आहे. तिला पण भीती वाटते. आमी तिला सांगितलंय, वाटू दे, पण ये.

नमस्कार ताई.

बसा सगळे.